शेऱ्याचा रकाना

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, पाठच्या बहिणीला माहीत नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं वगळून बाकीचं बोलते. त्याला काय ठाऊक नसेल? पण बोलत नाही. तुम्हाला सांगते आहे यात धाडस वगैरे काही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, वाचताना तुमचा चेहरा कसा झाला ते मला दिसणार नाही, एवढ्याच जोरावर लिहायला बसले. नावं बदलली आहेत. माणसांची नावं झाकावीत ही अक्कल मला आता आली आहे.

मी मानवतला प्राथमिक शाळेत शिकवते. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. या नोकरीत माणसाला एक खोड लागते — कुणीही समोर आलं की मनातल्या मनात त्याला शेरा द्यायची. मला ती जरा जास्तच लागली. माझ्या हजेरीच्या मागच्या पानांवर प्रत्येक मुलापुढे एक ओळ असायची. 'अक्षर चांगलं, डोकं खिडकीबाहेर.' 'आई नाही, आजीकडे राहतो.' 'घरी मार खातो, आपण मारू नये.' वाईट हेतू होता का त्यात? नव्हता. वर्ग पुढे दुसऱ्या बाईंकडे गेला की त्या ही पानं आवर्जून मागून घेत. मॅडमना माणूस कळतो, असं हेडमास्तर चारचौघांत म्हणायचे आणि मी उगाच पदर सारखा करायची.

माणूस कळतो म्हणून मग लोक स्थळं विचारायला लागले. आधी एक मावशी आली, मग तिची जाऊ, मग जावेचे व्याही. आमच्या समाजातली लग्नं जुळवणं हा माझा दुसरा उद्योगच झाला. फुकटचा — पण मान फार. माझी एक जाड वही होती. डाव्या पानावर मुलामुलीची माहिती, उजव्या पानावर माझा शेरा. 'मुलगा पितो, घरचे लपवतात.' 'आधी एकदा जमून मोडलं, दोष मुलीचा नाही.' 'सासू कडक, मुलगी सोशिक हवी.' वही लोखंडी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. उजवं पान मी कुणाला दाखवलं नाही. एवढं मात्र खरं आहे.

मग सगळं फोनवर आलं. समाजाच्या व्हॉट्सॲप गटात रोज पन्नास बायोडाटे पडायचे, फोटो वर जायचे, कुणाचं काय ते सापडायचं नाही. शाळेची ऑनलाइन माहिती तेव्हा मीच भरायची. तुम्ही शिक्षक असाल तर कळेल. पोराचं वजन, आधार, बापाचा फोन, खातं, जात, रक्तगट, वरून जे जे मागवलं ते ते आम्ही रकान्यांत भरत आलो. कशाला हवं, कोण बघणार, हे विचारायची पद्धत नाही. वरून आलं की भरायचं. त्यातून मला फॉर्म तयार करायला, त्याची यादी करायला चांगलं जमायला लागलं होतं. बाकीच्या बायका हातात फोन घेऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. मी फुगले होते, दुसरा शब्द नाही.

तर मी स्थळांचा फॉर्म केला. जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, रंग, मामाचं आडनाव, शेत किती, घर स्वतःचं की भाड्याचं, भावंडं काय करतात, पत्ता, फोन, दोन फोटो. रक्तगटसुद्धा विचारला. का विचारला? शाळेच्या फॉर्ममध्ये असतो म्हणून. चारशेच्या वर घरांनी भरून पाठवला. एकानेही विचारलं नाही की मॅडम, हे सगळं कुठं राहणार, कोण कोण बघणार. मॅडमनी मागितलंय म्हटल्यावर देणं आलंच.

आणि मग — इथे मला थांबावंसं वाटतं. पण थांबत नाही. दोन रविवार बसून मी वहीची उजवी पानं त्या यादीत उतरवली. शेवटचा रकाना. वर नाव दिलं, शेरा. मला सोयीचं व्हावं म्हणून. फोन आला की वही शोधत बसायला नको. मग त्या रकान्याच्या माथ्यावर बोट दाबून धरलं, एक यादी खाली आली, तिच्यात 'लपवा' होतं, ते दाबलं. रकाना गेला. मला वाटलं कपाटाला कुलूप लागलं. मी यादीची लिंक गटात टाकली. चारशे घरांतून हात जोडल्याची चित्रं आली, फुलं आली. त्या संध्याकाळी मी खुशीत शिरा केला होता, तेसुद्धा आठवतं.

त्या यादीत वंदनाची मयूरी होती.

वंदना माझी मैत्रीण, आमच्या गल्लीतली. तिचे मालक दिनकरराव कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. मयूरी त्यांची एकुलती. अकरावी-बारावीला ती पूर्णेला होती, आत्याकडे. दिनकररावांची थोरली बहीण — सगळे तिला अक्काच म्हणत. यजमान रेल्वेत, मूलबाळ नाही, क्वार्टरमध्ये दोघंच. तिथे मयूरीला पहिल्यांदा फिट आली. अक्कानेच सावरलं. दर महिन्याला गाडीत बसवून नांदेडच्या डॉक्टरकडे अक्काच न्यायची, मयूरी मानवतला परतल्यावरसुद्धा. यजमानांनासुद्धा तिने पोरीला अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं होतं. पुढे गोळ्या लागू पडल्या. पाच वर्षं झाली, फिट आली नाही. पण दिनकररावांनी घरात नियमच केला होता. आईबाप, मयूरी आणि अक्का, या चौघांबाहेर हे जायचं नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

वंदनाने मला सांगितलं. नवऱ्याला न विचारता. उन्हाळ्यात आम्ही माझ्या गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा. तिच्या जिवाला घोर लागला होता — मुलाकडच्यांना सांगावं की न सांगावं? मी म्हणाले, सांगावं, पण मयूरीने स्वतः, मुलाला एकटं गाठून. तिला ते पटलं. नंतर कळलं की मयूरीच्या मनातही तेच होतं. वंदना हलकी होऊन घरी गेली. मी हात धुतले, वही काढली आणि लिहिलं. 'फिट यायची. पाच वर्षांत नाही. गोळी चालू. आईनं विश्वासानं सांगितलं. कुणाला बोलू नये.'

कुणाला बोलू नये, हेसुद्धा लिहिलं! आणि पुढे यादीत उतरवताना तेही जसंच्या तसं उतरवलं. शाळेत आम्ही मुलांना बघून लिहायला लावतो ना — काना-मात्रा न चुकता. तसं.

मयूरीचं बोरीला जमलं. मुलगा कृषी खात्यात, माणसं चांगली. साखरपुड्याची तारीख निघाली. त्याआधीच्या रविवारी दोघं परभणीत भेटणार होती, आणि मयूरी त्याला सांगणार होती. रविवार उजाडायच्या आत, गुरुवारी मधल्या सुट्टीत, मला बोरीहून मुलाच्या आईचा फोन आला. मला वाटलं मानपानाचं काही असेल.

"लय उपकार झाले बघा मॅडम," ती म्हणाली. "पोरीनं तुमची यादी कांपुटरवर घेतली, त्यात तुमचा शेरा दिसला. न्हाई तर फसलो असतो."

तिची मुलगी पुण्याला कामाला. तिने यादी स्वतःच्या कांपुटरवर उतरवून घेतली, आणि उतरवून घेतलेल्या यादीत लपवलेला रकाना एका बोटानं उघडतो. हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या जणींना खुर्चीमागे उभं करून शिकवणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं. पण तेवढंच असतं तर ती चूक म्हटली असती. मी हा जो कागद भरते आहे तो चुकीसाठी नाही. त्या बाईने पुढे म्हटलं, "तुमचं नाव कुठंच येऊ देत न्हाई. त्यांच्याच पाहुण्यातून कळलं म्हणून सांगतो आमी."

आमच्याकडे ही रीतच आहे. पाहुणे म्हणजे नातलग. मोडताना मधल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, नाही तर उद्या स्थळ सुचवायला कोण पुढे येईल? पाहुण्यातून कळलं म्हणायचं आणि हात झटकायचे. पण या घरात पाहुण्यांपैकी ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मला माहीत होतं. त्या क्षणी, फोन कानाला असताना, मला ते स्पष्ट माहीत होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं."

घरी येऊन यादी उघडली, तो रकाना पुसला, लिंक बंद केली आणि गटात लिहिलं की तांत्रिक कारणाने यादी काही दिवस बंद राहील. खरं लिहिता आलं असतं. यादी उतरवून घेतली असेल त्यांनी पुसून टाका, माझ्या हातून लोकांच्या खाजगी गोष्टी बाहेर गेल्या, एवढं दोन ओळींत लिहिता आलं असतं. पण मग चारशे घरांनी आपापल्या पोराचा, पोरीचा शेरा शोधून वाचला असता आणि माझं तोंड कुठे राहिलं असतं? मी तांत्रिक कारण लिहिलं. पाच मिनिटांत एका गृहस्थांनी उत्तर टाकलं, "टेन्शन घेऊ नका मॅडम, मपल्याकडं उतरवून ठेवलेली हाय." आणि त्यांनी ती अख्खी यादी पुन्हा गटात टाकली. सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. मीसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकलं. न टाकावं तर विचित्र दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दिनकररावांचा फोन. माणूस मितभाषी, पण त्या दिवशी थांबेना. बोरीवाल्यांनी नाही म्हणून कळवलं, पाहुण्यातून कळलं म्हणाले. "आमच्या चौघांबाहेर ही गोष्ट न्हाई मॅडम. मंग बोरीपर्यंत गेली कशी? अक्कानंच घात केला." फिटचं त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं; मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, शांत व्हा. अक्काच्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

संध्याकाळी वंदना आली. उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना. "ताई, तुमी तर न्हाई ना बोललात कुठं?" — तिला संशय आला होता, आणि यायलाच हवा होता. मी काय केलं असेल? रागावले. वेडी आहेस का म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द कधी बाहेर गेलाय का, म्हणाले. ते खरंही होतं, तोंडून गेला नव्हता. मी तिला इतकं रागावले की तिनेच माझी माफी मागितली. पुढे ती कधी त्या विषयावर बोलली नाही. मॅडमला मी सांगितलं होतं, असं नवऱ्याला म्हणायची तिची छाती नव्हती. नियम तिनेही मोडला होता. आम्ही दोघी गप्प राहिलो आणि ते सगळं पूर्णेच्या त्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसलं.

दिनकररावांनी अक्काचं नाव टाकलं. भाऊबीजेला गेले नाहीत, तिची राखी टपालाने आली ती परत पाठवली. एवढं झाल्यावर एक दिवस अक्का माझ्याकडे आली.

शाळेत आली. मधली सुट्टी होती, पोरं पटांगणात. ती पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसली, कापडी पिशवी मांडीवर. अंगाने किडकिडीत, नऊवारी, चौथी शिकलेली. पिशवीतून तिने कागदांचा गठ्ठा काढला, नांदेडच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, सहा-सात वर्षांच्या. प्रत्येक चिठ्ठीचा वरचा कोपरा कात्रीनं कापलेला होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, तिथं नाव असायचं. औषधं घेऊन झाली की मी नावाचा कोपरा कापून चुलीत टाकायची. क्वार्टरात बायका येतात-जातात, कुणाच्या हाती कागद लागला तर? गोळ्यासुद्धा तिने पूर्णेत कधी घेतल्या नाहीत, नांदेडहूनच आणायची. मी ते कोपरे नसलेले कागद हातात धरून बसले होते.

"तुमी लोकांची लग्नं जमवता, तुमाला समदं कळतं," ती म्हणाली. "बोरीवाल्यांना एकडाव इचारा ना, नाव काय ते. मी न्हाई बोलले वो मॅडम. मपल्या लेकरावाणी सांभाळलं तिला, मी कामून बोलू?"

आता ऐका. हीच ती गोष्ट. एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. मी तिला म्हणाले, मी विचारलं बोरीवाल्यांना. ते म्हणतात, नक्की पाहुण्यातलंच माणूस होतं.

विचारलं नव्हतं. विचारायचं काय होतं? माझं उत्तर माझ्याजवळ होतं. ती माझ्यासमोर एका नावासाठी बसली होती आणि ते नाव मी होते. तिला घालवायचं म्हणून मी ते बोलले. 'नक्की' हा शब्द मी माझ्या मनानं घातला.  ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मंग मपल्याच तोंडातून गेलं का काय?" तेवढ्यात घंटा झाली. पोरं धावत आत आली, तिला बाकावरून उठवायला लागली. तिने कागद गोळा केले. मी तिला रिक्षापर्यंत सोडायलासुद्धा गेले नाही, फळ्यावर तारीख लिहायला वळले.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण सांगते. मयूरीची आणखी दोन स्थळं आली आणि मोडली. यादी फिरतच होती. लातूरला, नगरला, कुठे कुठे. ज्यांनी तो रकाना उघडला त्यांनी रीतीप्रमाणे माझं नाव घेतलं नाही, आणि वंदनाच्या घरात तो उघडून बघावा असं कुणाला सुचलं नाही. तिला परक्या माणसांचे फोन यायचे. कुणी तिची जन्मवेळ सांगून भविष्य वर्तवायचा, कुणी विचारायचा की गोळ्या अजून चालू आहेत का. हे बोरीवाल्यांनीच पसरवलं, असं ती धरून चालली होती. तिने दोनदा नंबर बदलला. पत्ता कसा बदलणार, जन्मवेळ कशी बदलणार? तिने वंदनाला सांगून लग्नाचा विषयच बंद केला. आता परभणीत एका खाजगी शाळेत शिकवते, खोली घेऊन राहते. एकदा बसस्टँडवर भेटली तेव्हा चहा घेतला आम्ही. ती म्हणाली, "मॅडम, मीच सांगणार होते त्याला. रविवारी. तो नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. पण सांगायचं मी होतं." आणि म्हणाली, आत्या बोललीच नसणार, कुणी काही म्हणो. दर महिन्याला ती पूर्णेला जात होती, बापाला न सांगता. त्या घरात अक्काच्या बाजूचं ती एकटीच माणूस.

एकदा मला लग्न जुळवणाऱ्या कुठल्याशा साइटचा मेसेज आला. सहज उघडलं तर आमचीच माणसं. माझ्या फॉर्ममधले प्रश्न, त्याच क्रमाने. रक्तगटसुद्धा. खाली 'अधिक माहिती' म्हणून माझे शेरे, माझ्या वाक्यांत. मी तिथे लिहून कळवलं की काढून टाका. उत्तर आलं नाही. पुन्हा कळवलं. कुणाला कळवत होते, कोण जाणे, त्या बाजूला माणूस आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. तुळशीची लग्नं लागली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गटातून ती यादी माझ्याच फोनवर येते. 'खात्रीची स्थळे' असं नाव घेऊन. मी पुसते. पुसलं म्हणजे काय, माझ्या फोनवर दिसेनासं होतं. यादीत मयूरी अजून चोवीस वर्षांची आहे. पुढे माझी ओळ. कुणाला बोलू नये.

गेल्या वर्षी दिनकरराव निवृत्त झाले. कॉलेजात सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला, शाल-नारळ झालं, आणि दुपारी घरी जेवणं होती. गच्चीवर मांडव, पंगती. मी पहिल्या पंगतीला, मान म्हणून. तेवढ्यात जिन्यावरून मयूरी आली आणि तिचा हात धरून अक्का. आठ वर्षांत बाई निम्मी झाली होती. मयूरीने बापाला बजावलं होतं म्हणे, आत्या नसेल तर मीही येणार नाही. दिनकररावांनी बघितलं आणि मान फिरवली. वाढणारे वाढायचे थांबले.

अक्का भावासमोर जाऊन उभी राहिली. मोठी बहीण, पण हात जोडलेले.

"दिनकर, मपल्याच तोंडातून गेलं असंल रे," ती म्हणाली. "लय दिसापासून आठवायलेय. नांदेडच्या गाडीत एकडाव बोरीकडची एक बाई भेटली व्हती. तिच्या बी लेकीला तसंच व्हतं म्हणली, रडायली व्हती. तिला धीर द्यायला म्हणून बोलले असंल. नीट आठवत न्हाई, पर असंल. मपलं चुकलं."

आठ वर्षं ती आठवत होती! न घडलेली गोष्ट आठवत होती. शोधता शोधता तिला एक गाडी सापडली, एक रडणारी बाई सापडली. ती बाई कधी होती तरी का? मला माहीत नाही. कदाचित भावाच्या घरी पाय ठेवायला मिळावा म्हणून तिने रचलं असेल. पण मी तिचा चेहरा पाहिला, आणि मला वाटतं, तिचा त्यावर विश्वास बसला होता. पहिलीच्या बाकावर मी जे पेरलं ते उगवून आलं होतं.

दिनकरराव तिच्या पायांवर वाकले. "जाऊ दे अक्का, झालं ते झालं," म्हणाले आणि मोठ्यानं रडले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! वंदनाने पंगतीवरून एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळीकडे पाहिलं. आणि मयूरी — ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, आत्याचा हात तिच्या हातातून केव्हाच सुटला होता. इतकी वर्षं ती एकटी म्हणत आली होती की आत्या बोललीच नसणार. आता आत्यानंच सांगितलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मला लिहिता येत नाही. ती पाणी आणायला म्हणून खाली गेली आणि पंगत उठेपर्यंत वर आली नाही.

मी तेव्हा उठून बोलू शकले असते. गच्चीवर पन्नास माणसं होती, जिला ऐकायचं होतं ती दहा पावलांवर होती. चार शब्द पुरले असते. मी बसून राहिले.  मला बोलता येत होतं.

मग अक्का माझ्याकडे आली. कुणीतरी तिच्या हातात जिलेबीचं ताट दिलं होतं, घरचं माणूस झाली ना ती पुन्हा. माझ्यासमोर वाकली. "तुमाला बी लय तरास दिला मॅडम त्या येळी, शाळंत येऊन. तुमी उगं माझ्यासाठी बोरीला इचारत बसल्या. माफ करा मला."

मी म्हणाले, "असू द्या."

तिने माझ्या पत्रावळीवर दोन जिलेब्या वाढल्या, आणखी एक आग्रहाने वाढली. मी खाल्ल्या.